कावळ्यांचं घमेलं

बाबा, आज आरेतल्या आपल्या गोठ्याच्या हौदावर मी जाळं ताणलं. वेसाव्याहून आणलेलं, कोळ्यांचं जुनं. खाली म्हशीचं तोंड जाईल एवढीच फट ठेवलीय. कावळे पत्र्यावर बसून शिव्या घालतायत, घालू देत. तुम्ही असता तर आधी विचारलं असतंत, ‘धाकटीनं सुचवलं का?’ नाही. माझंच डोकं आहे हे.

रोज सकाळी हौद घासायचे मी. काथ्यानं, बोटं सोलवटेपर्यंत. कधी ‘छान’ म्हणालात? आणि ती आठ वर्षांची शेंबडी एक दिवस म्हणते काय, ‘बाबा, पाखरांना त्यांचं वेगळं पाणी दिलं तर ती म्हशींच्या पाण्यात कशाला घाण करतील?’ झालं! तुम्ही तिला खांद्यावरच घेतलंत. लांब चिंचेखाली घमेलं ठेवलंत आणि गोठ्याचा नियमच करून टाकलात, आधी घमेलं भरायचं, मग हौद. भरायचा मान तिचा, घासायचा हौद माझा. दूध न्यायला येईल त्याला सांगायचात, ‘आमच्या धाकटीचं डोकं बघा.’ वर युक्ती चाललीसुद्धा. पाखरं खरंच तिकडे जायला लागली, माझं घासणं निम्म्यावर आलं, तरी मी जळायचे. अजून जळते, खोटं कशाला बोलू?

मग तो आठवडा. सकाळी घासलेल्या हौदात दुपारपर्यंत कबुतरांची शीट तरंगतेय. चौथ्या दिवशी तुमची लाडकी म्हैस हगवणीनं आडवी झालीय. तुम्ही चिंचेखालचं कोरडं घमेलं आणून धाकटीसमोर आपटता.

‘एवढंसं काम, तेही विसरलीस?’

‘रोज भरलं बाबा, आईशप्पथ!’

‘वर खोटं बोलतेस?’

म्हैस वाचली. घमेलं माझ्याकडे आलं. त्यानंतर धाकटी गोठ्यात फिरकली नाही, आणि तुम्हीही तिला कधी हाक मारली नाहीत.

आज तिला जाळ्याचा फोटो पाठवला. लगेच फोन आला. ‘ताई, झकास केलंस गं! तेव्हा मी खरंच विसरले असेन ना? मला आठवतं मी भरलेलं, पण बाबा कशाला उगाच ओरडतील?’ मी म्हटलं, ‘लहान होतीस गं, सोड.’

घमेलं मी उपडं करायचे, बाबा. चारही दिवस, तिची पाठ वळली की. ती मुलुंडला राहते, बसनं तासाभरावर. हे पत्र तुमच्याऐवजी तिला द्यायला हवं, कळतं मला. पण ती लगेच माफ करून टाकेल, आणि पुन्हा तीच तुमची गुणाची ठरेल. ते मला अजून सोसवत नाही.