शकूच्या स्कॉलरशिपची अट

२ ऑगस्ट १९८१

मिळाली! शकूला स्कॉलरशिप मिळाली! माझी नात, निवृत्तीची थोरली. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच. निवृत्ती सातपूरच्या कारखान्यातून आला तो डबा हातात तसाच घेऊन नाचायला लागला. मी बाजारात सगळ्यांना सांगितलं. मेथी घ्यायला आलेल्या बाईलाही सांगितलं — ती बिचारी नुसता भाव विचारत होती! शेजारी फुलं विकणारी चतुरा तेवढी म्हणाली, "बरं झालं." एवढंच! जळते मेली.

९ ऑगस्ट

स्कॉलरशिप देणाऱ्या मंडळाच्या अटी आहेत म्हणे. शकूने वाचून दाखवल्या. हजेरी बुडवायची नाही. नापास व्हायचं नाही. दुसरीकडून पैसे मिळाले तर कळवायचं. आणि शेवटची — एका निरक्षर माणसाला वाचायला शिकवायचं. दिवाळीआधी मंडळाचे साहेब येऊन त्याच्याकडून वाचून घेणार. नाही आलं तर पुढचा हप्ता बंद. म्हणजे कॉलेजही बंद. निवृत्तीच्या एकट्याच्या पगारात ते होत नाही.

मी म्हटलं, मला शिकव की! तर म्हणे, "आजी, घरचं माणूस चालत नाही. आणि तू दुसरी पास आहेस."

मग कोण? चतुरा!!

१६ ऑगस्ट

रोज बाजार उठला की चतुरा आमच्या ओट्यावर. शकू तिचा हात धरून गिरवून घेते. तिलाही "चतुराआजी" म्हणते. आजी! मग मी कोण? वर चहा मीच करायचा. साखर जास्त लागते तिला.

३० ऑगस्ट

शकूने आज तिला "शाब्बास" म्हटलं. माझी भाकरी करपली.

६ सप्टेंबर

शकूला यायला उशीर झाला की चतुरा आमच्या घरात वाट बघत बसते. मी हंडा घेऊन नळावर निघून जाते. तिच्यापाशी कोण बसणार! नळावर गोजराबाई म्हणाली, "तुझी शकू लय गुणाची, चतुराला साक्षर करते." चतुराचंच कौतुक सगळीकडे. मी दुसरी पास झाले तेव्हा कुणी गूळसुद्धा वाटला नव्हता.

२० सप्टेंबर

पुस्तक उघडलं की चतुराची बोबडी वळते. "छापलेलं मुंग्यांवानी दिसतंय गं बाई!" मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, लय बरं वाटलं! मग शकूचं तोंड बघितलं. एवढंसं झालेलं. चतुराला येऊ नये आणि शकूचं कॉलेज राहावं — असं कसं होणार?

शकूला म्हटलं, धडा पाठ करून घे तिच्याकडून. साहेबाला काय कळतंय!

"आजी, मी खाली सही केलीय. वाचायला शिकवते म्हणून. पोपटपंची करून घेते म्हणून नाही."

बापावर गेली आहे. तोही असाच.

११ ऑक्टोबर

साहेब आले. ओट्यावर बसले. छापील कागद चतुरापुढे ठेवला. ती घामाघूम. बोट पहिल्याच अक्षरावर अडलेलं. शकू दाराला धरून उभी, पांढरी पडलेली. मी देवाला म्हटलं, येऊ दे रे हिला, मी काही म्हणणार नाही! साहेब पेनाला टोपण लावायला लागले, तेवढ्यात चतुरा म्हणाली, "सायेब, छापलेलं नाय जमत. हातानं लिवलेलं द्या. ते वाचते."

साहेबांनी चार ओळी खरडल्या. डॉक्टरच्या चिठ्ठीसारख्या! चतुराने बोट ठेवलं आणि घडाघडा वाचल्या.

साहेब हसले. "अटीत छापीलच पाहिजे असं नाही." सही केली! हप्ता चालू!

शकूने मिठी मारली. आधी तिला. मग मला.

नंतर शकू विचारत होती, "चतुराआजी, मी तर पाटीवर दोन-दोन शब्दच लिहून द्यायचे. एवढं हाताचं लिहिलेलं वाचलंत कुठे?" चतुरा पदर सावरत घरी गेली.

१२ ऑक्टोबर

बाजारात शेवंतीवर पाणी शिंपडता शिंपडता चतुरा म्हणाली, "धोंडाबाई, तू नळावर गेलीस की मी तुझी वही काढायचे. अक्षर मोठं हाय तुझं, बरं पडतं वाचायला. अन् माझ्यावर चिडलीस की अजून मोठं होतं."