गेमवालं दार

प्रिय प्रीती,

मनीषनगरच्या चौकातल्या टपरीवर बसून लिहून राहिलो आहे. इथला चहावाला आल्याऐवजी सुंठ टाकतो आणि वर... जाऊ दे, भरकटलो. तू म्हणायचीस ना, "विहंग, तुझं वाक्य धरमपेठेत निघते अन् लकडगंजले पोचते!"

तुमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तू नेटवर्क सांभाळायचीस, मी वायरी ओढायचो आणि जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉपवर गेम खेळायचो. तूच समजावलं होतंस, नेटवर्कला नंबरांची हजारो दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. वेबसाइट, मेल यांची दारं ठरलेली, पहाराही तिथंच. माझा गेम कुठल्याशा आडनंबरी दारातून जायचा आणि तुझ्या स्क्रीनवर सारखा धोक्याचा इशारा यायचा. "खेळ गा, तेवढ्या दाराकडे मी पाहतच नाही," म्हणत तू तो इशारा बंद केलास. कुणी माझ्यासाठी एवढं कधी केलं नव्हतं.

चोरांनी नेमकं तेच दार धरलं. पेशंटांचे रिपोर्ट तिथून बाहेर गेले. लॅबचे मालक रुपराव साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, त्या पोर्टवर विहंगचा गेम चालायचा, त्याच्याच लॅपटॉपमधून घाण आली असेल. साहेब ओरडले, "असं उनाड पोट्टं आत घेतलंच काहून?" तू स्क्रीनकडे पाहत राहिलीस. मी वायरीचं बंडल तिथंच टाकून निघालो. वाटलं, संध्याकाळी खोलीवर येशील, काहीतरी बोलशील.

रिपोर्ट बाहेर गेले तो अख्खा आठवडा मी चिखलदऱ्यात होतो, प्रीती. लॅपटॉप खोलीवर बंद करून ठेवला होता. त्या दारातून भलतीच ये-जा दिसली म्हणून तू मेसेज केला होतास, "आज भलताच खेळून राहिला गा!" मी लिहिलं, मी तर इथं धुक्यात भिजून राहिलो. तू म्हणालीस, फेकू नको. मग मी दरीचा फोटो पाठवला आणि तू हसरा चेहरा पाठवलास. म्हणजे त्या दारात मी नाही, दुसरंच कुणी आहे, हे तुला कळलं होतं. तरी ते दार उघडंच राहिलं.

आजवर गप्प होतो, कारण तुझं घर तुझ्या पगारावर चालतं. पण काल सायबर पोलिसांचा फोन आला, सोमवारी बोलावलंय, मलाच. चोर म्हणून. तुझे मेसेज मी त्यांना दाखवणार आहे. त्याआधी तू स्वतः जाऊन खरं सांगितलंस तर तुझंच भलं होईल, म्हणून हे पत्र. फक्त मला समजवायला खोलीवर येऊ नकोस. तू आलीस की मी पुन्हा गप्प बसेन.

तुझाच, पण सोमवारपर्यंत,
विहंग