बोडी बुजवायची नाही

मी, जयवंताबाई जौजे देवाजी गजभिये, धर्म बौद्ध, धंदा शेती, वय सत्तरीच्या आसपास, राहणार मौजा पिंपळडोह, पारशिवनीजवळ, आज नागपुरात अर्जनवीस वामनराव यांच्या ओसरीवर बसून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहवून देते. शुद्धीत असल्याचे मुद्दाम लिहायला लावले, कारण माझा चेहरा पाहून वामनरावांनीच विचारले, "बाई, मृत्युपत्राले आल्या का लग्नाची पत्रिका लिहाले?" मी म्हटले, "लिहा तर खरं! मले आनंद मावून नाही राहिला." तब्येत ठणठणीत आहे. मरायची घाई नाही, पण हे लिहायची आहे.

१. माझ्या नावे असलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांधाने वेढलेली भातखाचरे, आणि त्यांच्या वरच्या अंगाला पावसाचे पाणी अडवणारी बोडी, ही मिळकत मी व माझे यजमान कालकथित देवाजी यांनी स्वकष्टाने मिळवलेली आहे. देवाजी रुपराव पाटलांच्या घरी सालदार होते. रुपरावांच्या वडिलांकडे एक खोलगट तुकडा होता, त्यात काही पिकेना, तो त्यांनी आम्हाला विकला. गाव हसले, "देवाजीनं खड्डा घेतला!" आम्ही दोघांनी तो खड्डा आणखी खोदला, मातीची पाळ घातली. पाणी तुडुंब भरले तेव्हा देवाजी धोतरासकट आत उतरून लहान पोरासारखे नाचले. हसणाऱ्यांची गुरे पुढे त्याच पाण्यावर आली. मी एकाही गुराला हाकलले नाही. त्यांच्या मालकांना मात्र चार शब्द ऐकवले, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही.

२. चिरंजीव आनंदराव, राहणार नंदनवन, नागपूर, नोकरी कचेरीत. पोरगा गुणाचा आहे, पण बोडीकडे पाहिले की त्याला रिकामी जागाच दिसते. "माय, बुजवून टाकू. तेवढंच धान वाढते. पाण्याले मोटार बसवू." अरे बाबू, मोटार पाणी ओढते, ती पाणी करत नाही! बोडी आहे म्हणून खालच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते. तिचा गाळ बांधीत पडतो म्हणून मला खताच्या पोत्यासाठी रांग लावावी लागत नाही. मरळ मासा आहे, शिंगाडे आहेत, बगळे आहेत, आणि बेडूक इतके आहेत की किडीवर औषध मारायची पाळी येत नाही. सबब आनंदरावास गावातले राहते घर आणि उंचावरची तुरीची पट्टी मिळावी. बोडी मिळू नये. रुसू नकोस रे. पावसाळ्यात ये, मरळीचा रस्सा खाऊ घालते, मग भांड.

३. आजच का लिहायचे, ते या कलमात. वामनराव म्हणतात, हकीकत मृत्युपत्रात बसत नाही. बसवा म्हटले!

आमच्याकडे धानाची रोवणी संपते त्या दिवशी रोवणाऱ्या बाया मालकिणीला धरतात आणि तिच्या तोंडाला चिखल माखतात. त्याशिवाय रोवणी पुरी झाली म्हणत नाहीत. मी तरणी असताना रुपरावांच्या घरच्या रोवणीला जात होते. रोप आमच्या हाताने लागायचे, पण चिखल माखायची वेळ आली की आम्हाला सांगत, "तुम्ही जरा धुऱ्यावर उभ्या राहा वं." आमचा हात त्यांच्या गालाला चालत नव्हता. तो भात मात्र चालत होता! आम्ही धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेच्या बांधावर, उभ्या राहून त्यांचे हसणे ऐकायचो. छप्पन साली दीक्षा घेतली, बोडी झाली, वावर झाले, मी स्वतः मालकीण झाले. तरी दर वर्षी चिखल माखायला आमच्याच मोहल्ल्यातल्या बाया. पलीकडच्या, पाटलांच्या मोहल्ल्यातल्या कोणी माझ्या बांधीत पाय घातला नाही.

यंदा पावसाने मधेच दडी मारली. रुपरावांनी स्वतःची बोडी कधीच बुजवलेली, विहिरीवर मोटार लावलेली. मोटारीने विहीर कोरडी केली. एका सकाळी त्यांची घरधनीण इंदूबाई एकटी माझ्या पाळीवर आली. म्हणाली, "जयवंता, पऱ्हे पिवळे पडून राहिले वं. रोवणीचे दिवस चालले. पाणी देते का?"

खरे सांगते, तोंडावर आले होते की धुऱ्यावर उभी राहा, विचारून सांगते! पण तिच्या हातात त्या पिवळ्या पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, जुडी होती. धान कोणाचेही असो, असे वाळताना मला पाहवत नाही. मी म्हटले, "उभी काहून राहिली? फावडं आण." दोघींनी मिळून पाळीचे तोंड फोडले. पाणी तिच्या बांधीत शिरले तेव्हा मीच तिच्यापेक्षा जोरात ओरडले.

आणि मग माझी रोवणी निघाली तेव्हा इंदूबाई तिच्या मोहल्ल्यातल्या बाया घेऊन आली! कोणी बोलावले नव्हते. लुगडी खोचून सगळ्या माझ्या चिखलात उतरल्या. शेवटची जुडी लागली, तशी इंदूबाई मागून आली, दोन्ही हात भरून चिखल घेतला आणि माझ्या गालांना माखला. म्हणाली, "आता झाली रोवणी." मी हसत होते का रडत होते, मला माहीत नाही. तोंड धुवायला मन होईना. त्या दिवसापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. हे टिकले पाहिजे, आणि बोडी राहिली तरच ते टिकेल. म्हणून हे लिखाण.

४. सबब बोडी व बांध्या कन्या सिंधूताई हिला मिळाव्या. तिचे यजमान कामठीला हातमागावर कामाला होते. ते वारल्यापासून ती माझ्यासोबत चिखलात आहे. लेकीला वावर देते म्हणून कोणी कपाळाला हात लावील, त्याने खुशाल लावावा. अट एकच, बोडी बुजवायची नाही. ज्या वर्षी पाऊस दडी मारील त्या वर्षी पाणी सगळ्यांत खालच्या बांधीपासून सोडावे. ती बांधी कोणाची, हे विचारू नये. वामनराव म्हणतात, ही अट कोर्टात टिकेल की नाही सांगता येत नाही. सिंधूच्या मनात टिकली म्हणजे मला पुरे.

५. रुपराव पाटील यांस माझे फावडे आणि घमेले द्यावे. रागाने देत नाही. थोड्या रागाने देते. त्यांनी स्वतःची बुजवलेली बोडी पुन्हा खोदावी. इंदूबाईने बाजूला बसून खोदवून घ्यावी.

६. मी गेल्यावर पंचशील, त्रिशरण म्हणावे, फार रडू नये. आंघोळ घालाल तेव्हा तोंड स्वच्छ धुवा. मग बोडीतला ओंजळभर चिखल आणून इंदूबाईने माझ्या गालांना लावावा आणि तो कोणी पुसू नये. मला तशीच न्यावी. तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या आणि तिच्या मोहल्ल्यातल्या बाया एकाच ठिकाणी उभ्या असाव्यात. कोणी धुऱ्यावर नको.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, माझ्याच तोंडचा आहे, कबूल.

जयवंताबाई जौजे देवाजी गजभिये, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार: नानाजी वल्द धोंडबा मेश्राम, राहणार पिंपळडोह. सही.

साक्षीदार: इंदूबाई जौजे रुपराव पाटील, राहणार पिंपळडोह. बाईसोबत एस.टी.त एकाच बाकावर बसून आली. निशाणी अंगठा. साक्षीदाराने आग्रहाने पुढील मजकूर लिहवला: "सहावं कलम ऐकलं. लावीन. पण एवढ्यात नाही. पुढच्या रोवणीले मले हिच्या गालाले चिखल लावाचा हाये, अन् हिनं मले लावाचा हाये. माझ्या घरच्या रोवणीत. धुऱ्यावर नाही, बांधीत."

लिहिणार: वामनराव, अर्जनवीस. सही.

मुक्काम नागपूर, दिनांक १९ ऑगस्ट १९८१