तरुण तारकांचा भव्य मेळावा

बरकतपुरा, हैदराबाद

चि. मृण्मयी हिस नामदेवमामाचे पोटभर आशीर्वाद. मामीचा गुडघा दुखतो, पण माझ्याशी अबोला धरण्याइतकी तिची तब्येत ठणठणीत आहे. तू फोन घेत नाहीस, म्हणजे तूही बरी असशील असे धरून चालतो.

मान वर करून लिहावे असे काही उरलेले नाही. तू इंग्रजीत कळवलेला व्याख्यानाचा विषय मराठी करायची हौस माझीच. (अकरावी नापास, तरी तीस वर्षे ग्रहताऱ्यांची पुस्तके वाचतोय, हा ताठा नडला.) नव्या, वजनदार ताऱ्यांचे पुंजके, भोवतीचा वायू, आणि हे सगळे रेडिओ दुर्बिणीतून. 'पुंजका' शब्द मला किरकोळ वाटला, कंगव्यात अडकलेल्या केसांसारखा. म्हणून आमच्या मराठी मंडळाच्या फळ्यावर लिहिले, 'तरुण तारकांचा भव्य मेळावा. भोवतालच्या परिस्थितीची रेडिओद्वारे चौकशी.'

एरवी सात माणसे येतात. त्या दिवशी साठ आली, निम्म्यांच्या हातात पत्रिका आणि फोटो. तू सांगत होतीस की धुळीआड जन्मलेले तारे डोळ्यांना दिसत नाहीत, रेडिओलहरी मात्र धुळीतून आरपार येतात. आणि जरा मोठे झाले की हे तारे ज्या वायूतून जन्मले त्यालाच फुंकून उडवतात. तेवढ्यात नारायणगुड्याच्या सुशीलाबाई उठल्या. "हौ हौ, समदं बरोबर. पन मुलगी कोनती ते तर दाखव!" मागून केशवराव म्हणाले, "वजनदार आहे म्हणे, आधी वजन विचारा!" सगळे हसले. तू नाही हसलीस. मामीने केलेले खुबानीचे गोड न चाखता स्टेशन गाठलेस. सहा वर्षांचे काम तू आपल्या माणसांपुढे पहिल्यांदाच मांडत होतीस, पोरी, आणि मी त्याचे स्थळ करून टाकले.

पुन्हा ये म्हणायलाही तोंड नाही. तरी ये.

तुझा
नामदेवमामा

ता. क. : खोटे कशाला बोलू? चूक आदल्या दिवशीच कळली होती. "मुली कुठकुठच्या येणारेत?" असे केशवरावांनी विचारले तेव्हा डस्टर माझ्या हातातच होते. पण माझ्या ग्रहणावरच्या भाषणाला चौघे आले होते (दोघे पंख्यासाठी). तुझ्यापुढे रिकाम्या खुर्च्या नकोत, म्हणून पुसले नाही.

ता. क. २ : तू गेल्यावर सुशीलाबाई तासभर बसून होत्या. त्यांचा मुलगा प्रथमेश डॅलसला असतो, दिवाळीलाही येत नाही. विचारत होत्या, वायू फुंकून उडवल्यावर ते तारे एकमेकांना धरून राहतात की पांगतात? तेव्हापासून माझी पुस्तके उलटतोय. काल मामी पंधरा दिवसांत पहिल्यांदा बोलली, "पोरीलाच विचारा." म्हणून हे पत्र. फळा पुसून ठेवला आहे. विषय या वेळी तूच लिही, मी नुसता खडू धरून उभा राहीन.