शनिवारची खुर्ची

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा सॅक्सोफोनवादन, राहणार याच घरात तिसऱ्या मजल्यावर, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. छातीबद्दल तसे म्हणता येत नाही. डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात फुंकणे कायमचे बंद करायला सांगितले, तेव्हा आता कागदपत्रे उरकून घ्यावीत हे बरे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, लिहिताय तर खरं लिहा." ते दडपण धरू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर, घरातील सामान आणि बँकेतील ठेव माझ्या पत्नीला. पुढे ते कोणाला द्यायचे हे तिचे ती ठरवील, मुलांनी तिच्या हयातीत विषय काढू नये. ठेवीचा आकडा पाहून कोणी हसू नये. हॉटेलात वाजवणाऱ्याला जेवण चांगले मिळते, बाकी आनंदच असतो.

कलम २. माझा काळा सूट मुलाला. कोपरांवर तो चकाकतो, पण आमचे काम अंधुक उजेडातले असल्याने कधी कोणाच्या लक्षात आले नाही. मुलगा गोदामात हिशेबनीस आहे, तिथे दिवे प्रखर आहेत, त्याने विचार करून घालावा.

कलम ३. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी काठीने जमीन ठोकून अनेकदा माझा सराव बंद पाडला. त्यांना मी माफ केलेले नाही. मात्र त्यांचे ठोके नेमके दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडत, जे आमच्या ड्रमवाल्याला अजून साधलेले नाही, म्हणून ठेका मोजायचा माझा मेट्रोनोम त्यांना द्यावा.

कलम ४. सर्व रेकॉर्डी व त्या वाजवायचे यंत्र मुलाला. त्याला जॅझ म्हणजे फळीवरून भांडी पडल्यासारखे वाटते, म्हणून मुद्दाम त्यालाच. बाळा, सुरुवात लुई आर्मस्ट्राँगपासून कर. तो पहिल्याच सुराला खांद्यावर हात टाकतो आणि मग तुला उठवत नाही. घरात माणसे असतील तर ड्यूक एलिंग्टन लाव. बिली हॉलिडे एकटा असताना ऐक, पण बायकोशी भांडण झाल्यावर नको, समेट लांबतो. थेलोनियस मंकचा पियानो ऐकून तुला वाटेल की हा चुकतोय. तिसऱ्यांदा ऐकलेस की कळेल, चुकत होतास तू. जॉन कोल्ट्रेन बाहेर पडायची घाई असताना लावू नकोस. लेस्टर यंगच्या एका रेकॉर्डीविषयी पुढे यायचे आहे.

आणि नुसते परदेशी ऐकून शहाणा होऊ नकोस. गेलेल्या माणसाला टाळ्या ऐकू जात नाहीत. आपल्याकडचेही ऐकण्यासारखे आहेत. आमचा ड्रमवाला घड्याळजी दिवसा घड्याळे दुरुस्त करतो आणि शनिवारी ठेका पुढे पळवतो, पण ड्रमवर फिरणाऱ्या त्याच्या ब्रशचा आवाज ऐक, सुपात काही पाखडल्यासारखा. पियानोवर दंतवैद्य आहेत. त्यांचा उजवा हात बेताचा, डावा हात मात्र असा की मी त्याच्या भरवशावर डोळे मिटून वाजवले. तिकीटखिडकीवर बसणाऱ्या बाई गाताना प्रत्येक शब्द किंचित उशिरा टाकतात, आपण वाट पाहतो आणि त्या कधी फसवत नाहीत. बास वाजवणारा खांब. तो बोलत नाही, हलत नाही, आणि तो नसला की सगळे कोसळते.

कलम ५. वरचे कलम मी रविवारी लिहिले. पत्नीने ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाली, "यात सगळे आहेत. खांबसुद्धा आहे. पोरगी कुठाय?"

मी म्हणालो, "तिचं वेगळं कलम आहे."

"म्हणजे परत वेगळीच ठेवलीत."

मी कलम ४ बदललेले नाही. नंतर तिचे नाव घुसडून दिले तर ते पहिल्यापासून होते असे दिसेल, आणि तसे ते नव्हते. कबुली देतानाही माझ्या हातून तेच व्हावे याची मला लाज वाटते.

कलम ६. आमच्या धंद्यात बदली पाठवायची एक रीत आहे. ताप आला, घरात लग्न निघाले, तर आपल्या खुर्चीत बसायला माणूस आपणच शोधून द्यायचा. तो वाजवणारा हवा, पण आपल्यापेक्षा डावा हवा. वरचढ पाठवलात की पुढच्या शनिवारी बँडमास्तर त्यालाच बोलावणे धाडतात आणि आपण घरी बसतो. हे कोणी शिकवत नाही, सगळ्यांना ठाऊक असते. मी कायम चष्मेवाल्याला पाठवले, तोही सॅक्सोफोनच वाजवतो. चष्मेवाला सज्जन आहे, एक सूर चुकवत नाही, आणि तो वाजवायला लागला की लोकांना आठवते, आपण जेवायला आलो होतो.

मुलीला सॅक्सोफोन मीच शिकवला. ती एकोणीस वर्षांची असताना माझी अक्कलदाढ सुजली. शनिवारी वाजवणे शक्य नव्हते. तिने न सांगता आपला काळा पोशाख इस्त्री करून दाराला अडकवला आणि आतल्या खोलीत वाजवायला बसली. मी मास्तरांना फोन लावला. ते म्हणाले, "दाढेचं कळलं. पण मागे कोण वाजवतंय हो?"

मी म्हणालो, "रेकॉर्ड आहे. लेस्टर यंगची."

आतले वाजवणे तिथेच थांबले. मग मी चष्मेवाल्याला निरोप दिला. पत्नी म्हणाली, "अहो, पोरीने कपडे इस्त्री करून ठेवलेत." मी म्हणालो, "तिला अजून वेळ आहे." गालावर सूज होती, त्यामुळे माझा चेहरा कोणाला नीट दिसला नसावा.

मास्तरांनी ती रेकॉर्ड ऐकायला मागून नेली. परत देताना म्हणाले, "चांगलीच आहे. पण फोनवर जास्त बरी वाटली होती." मी हसलो. एवढे ऐकूनही मी हसलो.

तिने खुर्चीचा विषय पुन्हा काढला नाही. शाळेत मुलांना संगीत शिकवते. त्यानंतर मी जितक्यांदा आजारी पडलो तितक्यांदा चष्मेवालाच गेला. एकदा घडली असती तर चूक म्हणता आली असती. मी ती सांभाळली, वाढवली, आणि घरात सगळ्यांनी पाहिली.

कलम ७. माझा टेनर सॅक्सोफोन पेटीसह मुलीला. तसेच स्टेशनसमोरच्या हॉटेलातील माझी शनिवारची खुर्चीही तिला. वकील म्हणाले, "खुर्ची तुमच्या मालकीची नाही, ती मृत्युपत्राने देता येत नाही." मी म्हटले, तरी लिहा. उद्या शनिवार आहे आणि माझ्या जागी कोण, हे मास्तरांनी मलाच विचारले आहे. मी चष्मेवाल्याचे नाव घेतलेले नाही.

काल मुलीला हे सांगितले. ती वह्या तपासत होती. म्हणाली, "बाबा, तुम्हाला फुंकता येत नाही म्हणून मी. मग बदलीच झाले की मी."

ती गेली नाही तर माझी खुर्ची अखेर त्या सज्जन माणसाकडे जाईल आणि तिच्या वाट्याला पुन्हा काहीच येणार नाही. मरणाची मला भीती नाही, या गोष्टीची आहे.

कलम ८. इथपर्यंतचा मजकूर वकिलांनी टंकून आणला, पुढचे मी हाताने लिहीत आहे. आज सह्यांसाठी घड्याळजी वेळेवर आला. दंतवैद्यांना कोणाच्या तरी दाढेने अडकवले. दुसरा साक्षीदार कोठून आणावा यावर बोलणे चालू असताना मुलगी शाळेतून आली. तिने उभ्याउभ्या सगळा कागद वाचला, कलम सहावर जरा थांबली, आणि म्हणाली, "मी करते सही."

वकील म्हणाले, "ताई, ज्याला काही मिळायचंय त्यानं साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेलं रद्द होतं. सॅक्सोफोन जाईल तुमचा."

"जाऊ दे. माझा मला आहे."

मी म्हणालो, "अगं, मग तुला माझ्याकडून काहीच राहणार नाही."

"राहील. कशामुळे पाठवलं नाहीत, ते यात कुठेच नाही. रीत आहे, दाढ आहे, चष्मेवालेकाका आहेत. ते लिहा, मग मी सही करते."

"आणि उद्याचं?"

"मास्तरांना मीच फोन करते. तुम्ही मध्ये पडू नका."

घड्याळजी खिडकीबाहेर बघत बसला. पत्नीने मला पेन दिले. वकिलांचे म्हणणे असे की पुढच्या कलमाला कायद्याने काही अर्थ नाही. तरी ते ठेवावे.

कलम ९. त्या दिवशी फोनवर माझी मुलगी वाजवत होती. ती माझ्यापेक्षा चांगली वाजवते. तेव्हाही वाजवत होती, मला ते कळत होते, आणि म्हणूनच मी तिला पाठवले नाही.

याउपर माझे काही म्हणणे नाही. सॅक्सोफोनचे काय करायचे ते पत्नीने पाहावे. वरील सर्व मी वाचले असून मला मान्य आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल.
दिनांक: आजचा, शुक्रवार.
मृत्युपत्र करणाऱ्याची सही.

साक्षीदार १: माझ्यासमोर सही केली. धंदा: घड्याळदुरुस्ती व ड्रम.

साक्षीदार २: माझ्यासमोर सही केली. कलम ९ माझ्यासमोर लिहिले, ते खरे आहे. नाते: मुलगी. धंदा: सॅक्सोफोनवादन.