यादीत नसलेली हाक

३ मार्च
प्रोग्राम परत बंद पडला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी आमचं मदतीचं यंत्र असतं. बटण दाबलं की आम्हाला कळतं. आमचा प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय, तिच्यात प्रत्येक चुकीचा वेगळा प्रकार लिहावा लागतो — बॅटरी संपली, वायर तुटली. यादीबाहेरचं काही आलं की सगळंच ठप्प. साहेब म्हणाले, "काहीही येऊ दे, बंद पडता कामा नये."

४ मार्च
जमलं! आता कुठल्याही प्रकाराची चूक एकाच पेटीत येते. प्रोग्राम चालता चालता स्वतःच पेटी उघडून बघतो. ओळखीची असली तर योग्य जागी पाठवतो, नसली तर नुसती नोंद करून पुढे. साहेब खूश.

९ मार्च
दुपारी सहज नोंदी चाळल्या. एकाच घरातून, आज सकाळपासून, तीन अनोळखी प्रकार.
हाक_दारातून. हाक_स्वयंपाकघरातून. हाक_पलंगाखालून.
आमच्या कोडमध्ये असं काहीच नाही. शेजारच्या टेबलावरचा मास्तर (सगळ्यांना शिकवत बसतो म्हणून मास्तर) म्हणाला, "त्या घराच्या यंत्रात कुणीतरी वेगळा तुकडा जोडलाय."
त्या घरी फोन केला. कुणी उचलेना. मी आणि मास्तर रिक्षाने गेलो, शेजाऱ्यांकडून दार उघडवलं. तिथे एकट्या राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बाई पलंग आणि भिंतीच्या मधे पडल्या होत्या. जिवंत. ओठ हलत होते, आवाज नव्हता.
पाच तास त्या हाका मारत होत्या. आणि मी लिहिलेली एक ओळ म्हणत होती — ओळखत नाही, पुढे चला.

१० मार्च

नोकरी सोडून गेलेल्या आधीच्या प्रोग्रामरला फोन केला. तुकडा त्याचाच. "बाईंची बोटं वाकडी झालीत, बटण दबत नाही. म्हणून यंत्राला हाक ऐकायला शिकवलं. तीन जागी माइक, तीन प्रकार; घर छोटं, एकच हाक तिन्हीकडे ऐकू जाते. सांगायचं राहूनच गेलं गं, म्हणून प्रोग्राम हाकेला चूक समजला."
अनोळखी प्रकार आला की आता थेट माझा फोन वाजेल, असं करून टाकलं.

११ मार्च
बाईंना हॉस्पिटलमध्ये भेटून आले. माझा हात सोडत नव्हत्या. खरं काय ते सांगायचं धाडस झालं नाही.

१३ मार्च
बाई अजून हॉस्पिटलमध्येच. घराला कुलूप, किल्ली त्यांच्या लेकीकडे.
सव्वाचारला फोन वाजला. त्याच घरातून, एक नवाच प्रकार. आधीच्या प्रोग्रामरला विचारलं. म्हणाला, "चौथा प्रकार मी लिहिलाच नव्हता."
पेटीत होतं — हाक_कुठे_गेलीस.