दुखलं की काय म्हणायचं

१२ फेब्रुवारी

ताई,

डावा तळवा बघून झाला होता, उजव्यावर बॅटरी धरली होती, तेवढ्यात तुझा फोन वाजला. मधेच सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून बघावं लागतं, म्हणून उचलला नाही. रागावू नकोस. आम्ही ठीक आहोत. तुम्हीही असाल. भावजींचा खोकला गेला का?

आमची भिंगरी चार वर्षांची झाली, पण तपासणी तान्ह्या बाळासारखीच. तिला जन्मापासून दुखतच नाही, हे तुला ठाऊक आहे. त्यापायी रोज काय करावं लागतं, ते तू पाहिलेलं नाहीस. फोनवर ती शेजारी असते, म्हणून लिहिते.

अंघोळीनंतर बघायचं. तळवे, बोटांच्या बेचक्या, गुडघे. मग तोंड. जीभ चावलेली असते आणि ही हसत असते. डोळे शेवटी. पापणी उलटू देते, फक्त तेव्हा गाणं म्हणावं लागतं, कुठलंही चालतं. बालरुग्णालयाने करून दिलेले बूट आतून हाताने चाचपायचे. मागे एकदा खडा निघाला. दिवसभर त्यावर नाचली होती.

रुग्णालयात असं दुसरं मूल नाही. डॉक्टर म्हणतात, "आम्हीच हिच्या वर्गात बसलोय." हनुवटीला टाके घातले तेव्हा तिचा बाबा धाडकन खाली पडला, आणि ही म्हणाली, "बाबालापण घाला."

तिथल्या खेळवाल्या बाईंनी तिला शिकवलं, लाल दिसलं, सुजलं, की "आई गं" म्हणायचं. आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं. तिला पाठ करावं लागलं. पाढे म्हटल्यासारखं म्हणायची. आधी मला वाटे, हाक मारतेय. मी आपली "आले गं, थांब" म्हणत स्वयंपाकघरातच. एकदा बोट दारात चेंगरलं होतं. तेव्हापासून हाक वेगळी केली. मला ती "मम्मी" म्हणते. हस आता.

हल्ली काही नसताना म्हणते. मी वरच्या फळीवर डबे ठेवत होते. मागून, "आई गं." तिला सगळीकडे तपासलं. काही नाही. कपडे वाळत घालताना पुन्हा. तिचा बाबा म्हणाला, "लबाड झालीय, लाड करून घेते." बाई म्हणाल्या, "शब्द आवडला असेल." मीही तेच म्हटलं.

पण ताई, तो सूर. बाईंनी शिकवलेला तोकडा होता. ही आता "गं" लांबवते आणि शेवटी श्वास आत ओढते. आपल्या घरात तसं कोण म्हणायचं, ते तुला सांगायला नको. शेवटचं वर्ष आपण दुसरं काही ऐकलंच नाही. आई गेली तेव्हा भिंगरी जन्मलीही नव्हती.

आज बॅटरी विझवली, फ्रॉक घ्यायला खुंटीकडे हात नेला, आणि तिने म्हटलं.

"कुठे गं?" मी विचारलं.

"मला नाही."

"मग कुणाला?"

तिने हात माझ्या डाव्या काखेखाली ठेवला. चाचपडली नाही. आईची गाठ जिथे होती, बरोबर तिथे.

"तू म्हणत नाहीस ना," ती म्हणाली, "म्हणून मी म्हणते."

तू दर फोनला विचारतेस, तू कशी आहेस. मी तिचंच सांगत राहते. आता विचारू नकोस. वर लिहिलंय ते नीट वाच. तिच्या बाबाला रक्त बघवत नाही, तो डोळे मिटून तपासतो. बेचक्या विसरू नकोस. गाणं कुठलंही चालतं, फक्त आईचं नको.

मावशी येणार आहे, असं तिला सांगून बसले आहे. मला खोटं पाडू नकोस.

तू जिला अजून धाकटी म्हणतेस,
ती

ता. क. काल पाकीट बंद केलं नव्हतं. आज सकाळी तिला बालरुग्णालयात दाखवायला गेलो. तिथे मोठ्यांना तपासत नाहीत, तरी माझं ऐकून डॉक्टरांनी पडदा ओढला आणि माझ्या काखेखाली बोटांनी दाबलं. मी दात आवळून गप्प राहिले. पडद्यापलीकडे, बाबाच्या मांडीवरून, तिने म्हटलं, "आई गंऽऽ."